फोटोतले विमान कोणते? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

घरच्या जुन्या लष्करी फोटोंविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत विमानापुढे उभे असलेले आजोबा, मामा आणि काकाच जास्त निघाले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. वाचकांची नावे छापलेली नाहीत, फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न (कराड): माझे चुलत आजोबा १९४२ ते १९४६ हवाई दलात होते आणि बर्मा आघाडीवर गेले होते. तीन फोटो आहेत. एकात ते तीन पात्यांच्या पंख्याला हात लावून उभे आहेत. दुसऱ्यात विमान बाजूने दिसते. धडावर मोठे ‘एन’ अक्षर आहे आणि मागे बारीक क्रमांक, त्यातले पहिले ‘एल’ आणि शेवटचा ‘७’ एवढेच वाचता येते. तिसऱ्यात चार-पाच जण पंखावर बसले आहेत. घरात सगळे ‘स्पिटफायर’ म्हणतात. विमान नेमके कोणते, आणि ते ‘त्यांचे’ होते का?

उत्तर: आपल्याकडे महायुद्धातले एका इंजिनाचे कुठलेही विमान घरोघरी स्पिटफायरच असते. प्रत्यक्षात भारतीय हवाई दलाने बर्मा आघाडीवर बराच काळ हरिकेन उडवले. स्पिटफायर सगळ्यात आधी १९४४ मध्ये आठव्या स्क्वाड्रनला मिळाले. बाकीच्या बहुतेक स्क्वाड्रनांना ते युद्ध संपता संपता किंवा संपल्यावर मिळाले.

तुमच्या दुसऱ्या फोटोतले विमान हॉकर हरिकेन आहे. पंखाखाली न पाहता आधी पोटाखाली पाहा. हरिकेनचा रेडिएटर धडाखाली, बरोबर मधोमध, एखादा डबा अडकवल्यासारखा असतो. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली असतात. त्यातही मार्क (म्हणजे आवृत्ती) पाचमध्ये एका बाजूला चौकोनी रेडिएटर आणि दुसऱ्या बाजूला लहान गोल तेलाचा कूलर, तर मार्क आठमध्ये दोन्ही बाजू सारख्या. दुसरी खूण बसायच्या जागेमागचे धड. हरिकेनचा तो भाग कापडाचा होता. तिरप्या उन्हात आतल्या लाकडी पट्ट्यांच्या उभारलेल्या रेषा शेपटीपर्यंत दिसतात, आणि तुमच्या फोटोत त्या स्पष्ट आहेत. स्पिटफायरचे धड पत्र्याचे, गुळगुळीत. तिसरी खूण चाकांची. हरिकेनची चाके आतल्या बाजूला दुमडतात, म्हणून जमिनीवर ते पाय फाकवून उभे राहते. स्पिटफायरची चाके बाहेर दुमडतात आणि जमिनीवर जवळजवळ असतात.

नाकाखाली हनुवटीसारखा फुगवटा दिसला तर तो धुळीसाठीचा व्होक्स फिल्टर. तो हरिकेनवरही असतो आणि मार्क पाच स्पिटफायरवरही, त्यामुळे त्यावरून निकाल लावू नका. पंख्याची पाती मोजणेही अर्धेच कामाचे. तीन पाती हरिकेनला आणि मार्क पाच स्पिटफायरला, चार पाती मार्क आठला, पाच पाती मार्क चौदाला. तुमच्या पहिल्या फोटोत नुसता पंखा आणि नाकाचा तुकडा आहे. तो फोटो त्याच विमानाचा असेल असे गृहीत धरू नका.

तिसऱ्या फोटोत पंखाच्या पुढच्या कडेतून एका बाजूला दोन लांब नळ्या बाहेर आलेल्या दिसतात. त्या २० मिलिमीटरच्या तोफा. दोन्ही पंखांत मिळून चार, म्हणजे हा हरिकेनचा टू-सी प्रकार. टू-बीमध्ये तोफांऐवजी बारा मशीनगन असत आणि नळ्या बाहेर येत नसत. टेहळणीच्या कामावरच्या काही टू-सी विमानांतून वजन कमी करायला दोन तोफा काढल्या होत्या. त्यामुळे एका पंखात एकच नळी दिसली तर गोंधळू नका. उलट ती उपयोगी खूण आहे. असे काम आराकानमध्ये सहाव्या स्क्वाड्रनकडे होते. इंफाळच्या वेढ्यात १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या हाताखालचे पहिले स्क्वाड्रनही हरिकेनच उडवत होते.

आता काळ. धडावरची गोल खूण पाहा. ब्रिटिश पद्धतीच्या खुणेत मध्ये लाल ठिपका असे. जपानी विमानांवर लाल गोळा असल्याने गडबड होऊ नये म्हणून भारत-बर्मा भागात १९४३ च्या मध्यापासून तो लाल काढला. पुढे गडद निळी कडा आणि मध्ये फिकट निळा, अशी आकाराने लहान खूण आली. कृष्णधवल फोटोत तिचा मध्यभाग जवळजवळ पांढरा दिसतो. तुमच्या फोटोत तसाच आहे. १९४५ च्या सुरुवातीपासून पंख, शेपटी आणि नाकावर पांढरे पट्टे ओढले गेले, ते तुमच्या विमानावर नाहीत. म्हणजे फोटो साधारण १९४३ ते १९४४ चा.

क्रमांक वाचण्यासाठी फोटो पुन्हा स्कॅन करावा लागेल. हिशोब सोपा आहे. हरिकेनची लांबी ९.८ मीटर आणि क्रमांकाची अक्षरे ८ इंच, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर उंच. तुमच्या फोटोत विमान ८ सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे एक अक्षर जेमतेम दीड मिलिमीटरचे. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) त्याला १९-२० ठिपके मिळतात आणि ३, ६, ८, बी सगळे सारखे दिसतात. १२०० डीपीआयला ७५ च्या पुढे ठिपके मिळतात, मग फरक कळतो. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करा, टिफ स्वरूपात ठेवा, आपोआप धार वाढवणारी सोय बंद करा. जुन्या फोटोंच्या काळ्या भागावर चांदीसारखी निळसर झाक येते आणि स्कॅनरचा प्रकाश तिथे चमकतो. तसे झाले तर फोटो काटकोनात फिरवून दुसऱ्यांदा स्कॅन करा, चमक सरकते. अल्बमला चिकटवलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट काचेवर ठेवा. निगेटिव्ह असेल तर आधी तीच.

‘एल’ने सुरू होणाऱ्या एलबी, एलडी, एलई, एलएफ या जोड्या हरिकेनवर भरपूर आहेत, पण एलव्ही स्पिटफायरवरही आहे. नुसत्या अक्षरांवरून विमान ठरवणे धोक्याचे. एपी ही जोडी व्हल्टी व्हेंजन्स या बॉम्बरवरही होती आणि हरिकेनवरही. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातले हरिकेन एपी ८३२ आहे. तिथे वापिती, लायसँडर, स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि हार्वर्डही आहेत, तेव्हा तुलनेसाठी आपल्या फोटोच्याच कोनातून तिथल्या विमानाचे फोटो काढून आणावेत.

मोठे ‘एन’ हे त्या स्क्वाड्रनपुरते विमानाचे अक्षर. एक विमान पडले किंवा दुरुस्तीला गेले की तेच अक्षर दुसऱ्याला देत. म्हणून अक्षर आणि तारीख एकत्र असल्याशिवाय उपयोग नाही.

राहिला ‘त्यांचे’ विमान होते का हा प्रश्न. इथे विमान सोडून माणसाकडे पाहा. छातीवर डाव्या खिशाच्या वर दोन्ही बाजूंना पसरलेले पंख असतील तर वैमानिक. एकच पंख आणि शेजारी गोलात अक्षर असेल तर निरीक्षक, नॅव्हिगेटर किंवा तोफची. हरिकेन एका माणसाचे विमान, त्यामुळे अर्धा पंख लावलेला माणूस त्यात उडत नव्हता. तुमच्या आजोबांच्या छातीवर पंख नाहीत आणि बाहीवर दोन पात्यांचा आडवा पंखा आहे. ही लीडिंग एअरक्राफ्ट्समनची खूण, म्हणजे ते जमिनीवरच्या तांत्रिक कामात होते. फिटर (इंजिन पाहणारा), रिगर (सांगाडा पाहणारा), आर्मरर (शस्त्रे पाहणारा) यांपैकी काही. ते विमान त्यांनी उडवले नसेल, पण रोज त्याचे इंजिन उघडले किंवा तोफांत पट्टे भरले असतील. पंख्यावर हात ठेवून फोटो काढायची प्रथा त्यांच्यातही होती. स्क्वाड्रनच्या उड्डाण नोंदींत अशा माणसांची नावे सहसा सापडत नाहीत. त्यांचा शोध सेवापुस्तकातून घ्यावा लागतो, त्याबद्दल पुढे.

प्रश्न (सांगली): नातवाने मोबाइलवर जुना फोटो रंगीत आणि स्पष्ट करून दिला. त्यात विमानाच्या गोल खुणेत लाल ठिपका आला आहे आणि क्रमांकही वाचता येतो. त्यावरून शोध घेता येईल का?

उत्तर: नाही. तो लाल ठिपका अ‍ॅपने घातला आहे. ब्रिटिश विमानांवर लाल मध्य असतो एवढे त्याला ठाऊक, भारत-बर्मा भागात तो काढला होता हे ठाऊक नाही. मूळ फोटोत तुमच्या विमानाचा मध्यभाग फिकट आहे. क्रमांकाचेही तेच. असे अ‍ॅप धूसर ठिपक्यांच्या जागी शक्य वाटणारी अक्षरे बसवते आणि ती इतकी स्वच्छ दिसतात की शंकाही येत नाही. मूळ स्कॅनवर फक्त उजेड-अंधार आणि कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करा, त्यापलीकडे हात लावू नका. क्रमांक दोघांनी वेगवेगळा वाचून कागदावर लिहावा आणि मग ताडून पाहावा. पटला नाही तर त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही एकदा बघून घ्या. निगेटिव्ह पालथी पडली की डावे-उजवे बदलते. वैमानिकाचे पंख डाव्या छातीवर असतात. ते उजव्या छातीवर दिसले किंवा सदऱ्याची बटणपट्टी बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी दिसली की फोटो फिरवा. मार्क पाच स्पिटफायरचा तेलाचा कूलर कुठल्या पंखाखाली आहे, असल्या खुणा तपासताना यातूनच घोळ होतात.

प्रश्न (रत्नागिरी): मामांचा फोटो दोन मजली पंखांच्या विमानात बसलेला आहे. पंख आणि धड काळपट. घरात सांगतात की ते रात्रीचे बॉम्बफेकी विमान होते. मामा मागच्या जागेत बसले आहेत, पुढची जागा रिकामी आहे.

उत्तर: हे टायगर मॉथ, शिकाऊ विमान. वरच्या पंखाच्या मधोमध पेट्रोलची टाकी आणि किंचित मागे झुकलेले पंख या त्याच्या खुणा. वापिती हे त्या काळचे दोन मजली पंखांचे बॉम्बर असते तर नाकावर उघड्या सिलिंडरांचे गोल इंजिन दिसले असते.

काळा रंग म्हणाल तर तो बहुधा पिवळा आहे. त्या काळी स्वस्तातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म बरीच वापरली जाई. तिला लाल रंग दिसत नाही, पिवळा नीट दिसत नाही आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसतो. म्हणून शिकाऊ विमानांचा पिवळा रंग काळपट येतो, गोल खुणेतला लाल काळा येतो आणि निळा फिका पडतो. फिल्म कोणती ते ओळखायला चेहरे पाहा. उन्हातल्या माणसांचे ओठ काळेकुट्ट आणि आकाश पांढरेफटक असेल तर ऑर्थो. अशा फोटोत वरची गोल खुणेची युक्तीही जपून वापरावी लागते. लाल मध्य काळा येतो, तेव्हा ‘मध्ये फिकट’ हा निष्कर्ष तरी टिकतो, पण छटांवरून निळ्याचे प्रकार ठरवता येत नाहीत.

टायगर मॉथमध्ये एकट्याने उडताना मागच्या जागेत बसतात. त्यामुळे पुढची जागा रिकामी असलेला फोटो पहिल्या एकट्या उड्डाणाच्या दिवशीचा असू शकतो. अर्थात नुसता बसून काढलेला असायलाही हरकत नाही. पंखा फिरताना धूसर दिसतो का ते बघा. युद्धकाळात हे प्राथमिक शिक्षण हैदराबादजवळ बेगमपेठला आणि जोधपूरला होई. तिथून निवडलेले वैमानिक अंबाल्याला हार्वर्ड या पुढच्या शिकाऊ विमानावर जात. फोटोच्या मागे यांपैकी एखादे नाव पुसट असेल तर खोलीत अंधार करून विजेरी कागदाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. पेन्सिलीचा काळेपणा गेला तरी दाब राहतो.

प्रश्न (नाशिक): वडील १९६५ आणि १९७१ दोन्ही युद्धांच्या वेळी हवाई दलात होते. जेट विमानांचे बरेच फोटो आहेत, पण एकावरही काही लिहिलेले नाही.

उत्तर: जेटच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: हवा आत कुठून जाते? नाकातून जात असेल आणि भोकात मध्ये सुळका असेल तर मिग-२१ किंवा सुखोई-७. त्रिकोणी पंख असतील तर मिग. मागे झुकलेले लांब पंख आणि पाठीवरून जाणारे दोन पाइप असतील तर सुखोई. नाकातून, पण सुळका नसेल आणि पंख मागे झुकलेले असतील तर मिस्टेअर. सरळ पंख आणि टोकांना टाक्या असतील तर तूफानी. पंखांच्या मुळाशी त्रिकोणी तोंडे असतील तर हंटर. बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तोंडे असून विमान इतके बुटके की शेजारचा माणूस आत डोकावू शकतो, तर नॅट. नॅटची लांबी पावणेनऊ मीटरच्या आसपास, पंखांचा विस्तार पावणेसात. दोन दांड्यांची शेपटी असेल तर व्हँपायर.

क्रमांकातल्या अक्षरांनी याची खात्री होते. नॅटवर आयई, हंटरवर बीए, मिस्टेअरवर आयए, कॅनबेरावर आयएफ, मारुतवर बीडी. मिग-२१ वर नुसते सी आणि सुखोईवर नुसते बी. इथे ब्रिटिश काळापेक्षा काम सोपे आहे.

चकचकीत पत्र्याचे मिग किंवा सुखोई असेल तर फोटो बहुधा १९७१ च्या आधीचा. त्या सुमारास घाईघाईने त्यांच्यावर हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, आणि स्क्वाड्रनागणिक नक्षी वेगळी झाली. म्हणून छापील चित्रांतल्या रंगाशी जुळत नाही एवढ्यावरून फोटो बाद करू नका. विमान चौथऱ्यावर असेल, चाकांना हवा नसेल किंवा तोंडावर कायमचे झाकण असेल, तर ते निवृत्त होऊन दारात उभे केलेले आहे. त्याचा वडिलांच्या युनिटशी संबंध असेलच असे नाही.

प्रश्न (लंडन): क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यात) जाणे मला शक्य आहे. आजोबा वैमानिक होते. काय मागवू?

उत्तर: ‘एआयआर २७’ या मालिकेत स्क्वाड्रनांच्या नोंदवह्या आहेत. त्यात फॉर्म ५४० म्हणजे रोजची हकिकत आणि फॉर्म ५४१ म्हणजे उड्डाणागणिक तपशील: तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, माणसांची नावे, काम, उडाल्याची आणि उतरल्याची वेळ. तुम्हाला हवा तो ५४१. सगळ्याच कारकुनांनी तो नीट भरलेला नाही. काही महिने विमानाचा रकाना कोराच असतो. शिक्षण केंद्रे ‘एआयआर २९’ मध्ये आणि तळ ‘एआयआर २८’ मध्ये शोधा. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. फ्लॅशशिवाय फोटो काढता येतात, तेव्हा संपूर्ण महिनाच टिपून घ्या, एकच पान नको.

घरात आजोबांचे लॉगबुक (वैमानिकाची उड्डाणवही) असेल तर क्यूच्या आधी ते. तारीख, प्रकार, क्रमांक, काम, वेळ हे रकाने त्यात असतात. रात्रीची उड्डाणे लाल शाईत लिहायची पद्धत होती. लॉगबुकातली तारीख ५४१ शी जुळली की क्रमांकातले पुसट अंक आपोआप भरतात. विमानाचा पुढचा-मागचा प्रवास लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधल्या फॉर्म ७८ या कार्डांवर असतो. पण भारतात पाठवलेल्या विमानांची नोंद बरेचदा जहाज बंदराला लागले इथेच थांबते.

प्रश्न (कोल्हापूर): काहीच क्रमांक दिसत नाही, लॉगबुक नाही. आजोबा एअरमन (अधिकारी नसलेले हवाई सैनिक) होते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: सेवाक्रमांकापासून. तो डिस्चार्जच्या कागदावर किंवा पेन्शनच्या आदेशावर असतो. कागद गेले असतील तर पदके काढा. महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना मिळत, पण भारतीयांच्या पदकांवर सेवाक्रमांक, हुद्दा आणि नाव उठवलेले असे. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर भिंगाने पाहा. पदक घासून चकाकवू नका, अक्षरे आधीच झिजलेली असतात. बर्मा स्टार असेल तर आघाडीही कळली.

क्रमांक मिळाल्यावर एअरमनसाठी दिल्लीत सुब्रतो पार्क इथल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. सेवाक्रमांक, पूर्ण नाव, ट्रेड, भरती आणि निवृत्तीचे वर्ष, आपल्या नात्याचा पुरावा जोडा. ‘सगळी माहिती द्या’ असे लिहू नका. ‘कोणत्या तारखेपासून कोणत्या युनिटमध्ये’ एवढेच विचारा. युनिट आणि तारीख कळली की त्या काळात त्या युनिटकडे कोणते विमान होते हे ठरवणे सोपे असते. आजोबा युद्धात मृत्यू पावले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत युनिटसह नाव सापडते.

प्रश्न (मडगाव): काकांचा १९६० च्या आसपासचा दाभोळी विमानतळावरचा फोटो आहे. मागे चार इंजिनांचे मोठे विमान. हे पोर्तुगीज लष्करी विमान का?

उत्तर: नव्हे, प्रवासी विमान. शेपटीला तीन उभे पंख असतील तर कॉन्स्टेलेशन. एकच असेल आणि खिडक्या गोल असतील तर डीसी-४, चौकोनी असतील तर डीसी-६. धडावर टीएआयपी ही अक्षरे असतील तर ती गोव्यातल्या पोर्तुगीज हवाई कंपनीची, आणि नोंदणी सीआर-आय ने सुरू होईल. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय कॅनबेरांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले तेव्हा तिथे पोर्तुगीजांचे एकही लढाऊ विमान नव्हते. उभी असलेली दोन प्रवासी विमाने त्याच रात्री तुटक्या धावपट्टीवरून निसटली. त्यातले एक कॉन्स्टेलेशन होते, दुसरे डीसी-४. फोटोत काकांच्या मागचे विमान यांपैकी एक आहे का, हे नोंदणीची शेवटची दोन अक्षरे दिसली तरच सांगता येईल. ती शेपटीजवळ धडावर आणि पंखावर दोन्हीकडे असतात. त्या दोन्ही जागा १२०० डीपीआयने स्कॅन करून पाठवा.